टवका

पुढे डंपर चाललेला असतो. त्याच्या मागच्या जोडचाकांत अडकलेली खडी सुटते, 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि काच फुटली नाही एवढ्यावर आपण समाधान मानतो. खडीने काय केलं ते कळतं रविवारी. बादली-फडकं घेऊन गाडी धुवायला लागावं आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर हात फिरवताना बोटाला काहीतरी खरखरीत लागावं. वाकून पाहावं तर तांदळाच्या कणीएवढा रंग गेलेला. आजूबाजूला सगळं गुळगुळीत, चकचकीत आणि मधोमध एक खळगा. मराठीत याला नेमका शब्द आहे. भिंतीच्या गिलाव्याचा उडतो, कपाच्या कडेचा उडतो, तसा गाडीच्या रंगाचाही टवका उडतो.

असा टवका दिसल्यावर बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. काही जण 'एवढंसं तर आहे' म्हणून सोडून देतात. काही जण इतके हळहळतात की थेट गॅरेज गाठून अख्खं बॉनेट रंगवून घेतात. पहिल्यात पत्रा जातो. दुसऱ्यात कारखान्यात चढलेला, पुन्हा कधीच तसा न मिळणारा रंग आपण आपल्या हाताने घालवतो. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. काही शे रुपयांची एक बाटली, थोडंसं सामान आणि तीन-चार दिवस रोजचा अर्धा तास एवढंच तिला लागतं. ही दुरुस्ती रंगाची वाटली तरी मुळात ती पत्र्याची आहे. पत्रा हवेपासून आणि पाण्यापासून झाकला गेला की काम झालं. डाग दिसेनासा होणं हा त्यावरचा फायदा. हा क्रम डोक्यात पक्का असला की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नव्हे. तांदळाच्या कणीएवढ्या त्या खळग्याकडे भिंगातून पाहिलं तर कडेला विहिरीच्या पायऱ्यांसारखे थर दिसतात. सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंग नसलेला पारदर्शक थर. हा सगळ्यात जाड, साधारण ४० ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्याखाली बेस कोट. आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो हाच, आणि तो जेमतेम १५-२० मायक्रॉनचा. त्याखाली करडा किंवा पांढुरका प्रायमर. त्याच्याही खाली, पत्र्याला घट्ट धरून बसलेला, फार कुणाला माहीत नसलेला एक थर असतो. त्याला इलेक्ट्रोकोट म्हणतात. सगळे थर मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतात. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी १०० मायक्रॉनच्या आसपास असते. ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि डंपरची खडी हे सगळं पंधरा-वीस वर्षं सोसायचं ते कागदाएवढ्या जाडीने, हे कळल्यावर गाडी पुसताना आपला हात आपोआप हलका होतो.

या चारांतला खरा पहारेकरी तो इलेक्ट्रोकोट. आधी गाडीच्या उघड्या बॉडीवर फॉस्फेटचा हात दिला जातो. मग ती अख्खी बॉडी रंगाच्या मोठ्या हौदात बुडवतात आणि वीज सोडतात. पाण्यात तरंगणारे रंगाचे कण विजेच्या ओढीने पत्र्याकडे धावतात आणि चिकटतात. जिथे थर बसला तिथे विजेला अडथळा होतो. मग उरलेले कण अजून उघड्या असलेल्या जागेकडे वळतात. असं करत करत दाराच्या आतल्या पोकळ्या, सांधे, कोपरे, जिथे कुठल्याही पेंटरचा हात पोचणार नाही तिथेही हा रंग पोचतो. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर या रसायनतज्ज्ञाने ही पद्धत गाड्यांसाठी उभी केली आणि आज जवळजवळ सगळे कारखाने ती वापरतात. हौदातून निघालेली बॉडी १६०-१८० अंश सेल्सिअसला भाजतात. गाडी एकदा जुळून रस्त्यावर आली की तिच्यात वायरी, रबर, प्लास्टिक, काचा, सगळं असतं. तिला ही भट्टी पुन्हा दाखवता येत नाही. चांगल्या गॅरेजच्या बूथमध्येही उष्णता ६०-७० अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणूनच अख्खं बॉनेट खरवडून नव्याने रंगवण्याआधी दहादा विचार करावा असं मी म्हणतो. कारखान्यातला रंग दुसऱ्यांदा मिळत नाही.

गाड्या बनवणाऱ्यांना टवका उडणार हे चांगलं ठाऊक असतं. त्यासाठी त्यांची एक ठरलेली चाचणी आहे. रंगवलेला पत्रा एका पेटीत उभा करतात आणि दाबाखालच्या हवेने त्यावर अर्धा लिटरभर खडी मारतात. मग उडालेले टवके मोजतात, किती मोठे आणि कोणत्या थरापर्यंत गेले ते पाहतात. दुसरी चाचणी माझ्या विशेष आवडीची आहे. पत्र्यावर धारदार टोकाने मुद्दाम फुली मारतात, थेट लोखंडापर्यंत. मग तो पत्रा मिठाच्या पाण्याच्या धुक्यात ठेवून देतात. पाण्यात ५ टक्के मीठ, उष्णता ३५ अंश. ही पद्धत १९३९ पासून प्रमाण मानली जाते. शेकडो तासांनी पत्रा बाहेर काढून त्या फुलीपासून गंज रंगाखाली किती मिलिमीटर सरकला ते मोजतात. रेघेतल्या गंजापेक्षा रेघेबाहेर, रंगाखाली सरकलेल्या गंजाकडे त्यांचं लक्ष असतं. रंगाची लायकी ठरते ती त्यावर. आपल्या बॉनेटवरचा टवका म्हणजे तीच फुली. आणि रत्नागिरी, अलिबाग, पणजी किंवा मुंबईत राहणाऱ्या गाडीभोवती मिठाचं धुकं वर्षाचे बारा महिने असतंच.

गंज नेमका कसा चालतो हे इथे सांगायला हवं, कारण 'एवढंसं तर आहे' या म्हणण्याचं उत्तर त्यातच आहे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो हे शाळेत शिकलेलं असतं. मीठ त्यात दोन गोष्टींची भर घालतं. एक, मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजणं ही मुळात छोट्या विद्युतघटासारखी क्रिया असल्याने तिचा वेग वाढतो. दुसरी गोष्ट जास्त लबाड आहे. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच इथे होतं. म्हणजे कोकणातल्या पार्किंगमध्ये छपराखाली, कोरड्या जागी उभी असलेली गाडीही टवक्याच्या जागी ओलीच असते.

टवक्याच्या मध्यभागी लोखंड विरघळत असतं, त्याच वेळी कडेला, रंगाच्या पापुद्र्याखाली, याच क्रियेची दुसरी बाजू चालू असते. तिथे अल्कली तयार होते आणि ती रंग आणि पत्रा यांची पकड सोडवते. पकड सुटली की तिथे पाणी शिरतं आणि गंज पुढे सरकतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा लागते, त्यामुळे तो वरच्या रंगाला खालून उचलतो. आधी फुगवटा येतो, मग पोपडा सुटतो. कणीएवढा टवका दोन पावसाळ्यांत रुपयाएवढा झालेला मी पाहिला आहे. त्या वेळी भरायचा होता तो कणीएवढाच होता.

सगळ्याच टवक्यांची एवढी घाई नसते. म्हणून हातात ब्रश घेण्याआधी रोगाची परीक्षा करावी. पहिला प्रश्न, खाली लोखंड आहे का? फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक टेकवून पाहा. आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात. त्यांवर चुंबक चिकटत नाही आणि त्यांना गंजही धरत नाही. बंपरवरचा टवका हा फक्त डोळ्यांचा प्रश्न आहे, तो दिवाळीपर्यंत थांबला तरी चालेल. चुंबक चिकटलं तर दुसरा प्रश्न, टवका कुठवर गेला आहे? अंगठ्याचं नख त्यावरून आडवं फिरवा. नख अडकलं नाही तर तो नुसता वरवरचा ओरखडा आहे, पॉलिशने जाईल. नख अडकलं आणि तळाशी करडा किंवा पांढुरका रंग दिसला तर प्रायमर शाबूत आहे, म्हणजे अजून सवड आहे. तळाशी चांदीसारखी चमक दिसली तर पत्रा उघडा पडला, याच आठवड्यात हात घाला. तपकिरी दिसलं तर गंज सुरू झाला आहे. आणि टवक्याच्या आजूबाजूचा रंग फुगलेला दिसला, बोटाने दाबल्यावर करकरला, तर ते काम घरचं नव्हे. तिथे गंज आत पसरलेला आहे. वरून बाटलीतला रंग लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या दाराला वॉर्निश करणं.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असला तर थोडी उसंत मिळते. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत काही भागांना असा पत्रा वापरतात. पण आपल्या गाडीत कोणता भाग कसा आहे हे बाहेरून कळत नाही. तेव्हा जस्त नाही असं समजूनच वागावं.

आता रंग. 'सिल्व्हर द्या' असं म्हणून दुकानात रंग मागू नये. प्रत्येक गाडीच्या रंगाला कंपनीचा स्वतःचा कोड असतो. तो पुढच्या दाराच्या खांबावरच्या चिकटपट्टीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. उदाहरणार्थ, टोयोटाचा ०४० म्हणजे त्यांचा सुपर व्हाइट. पांढरा म्हणजे पांढरा असं ज्याला वाटतं त्याने शाळेच्या गणवेशातले दहा शर्ट एका दोरीवर वाळत घातलेले पाहावेत. कोड घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टचअपची बाटली मागा, किंवा शेड जुळवून देणाऱ्या रंगाच्या दुकानात जा. तिथे कोडवरून सूत्र काढून, वजनकाट्यावर थेंब-थेंब मोजून रंग बनवून देतात. गाडी आठ-दहा वर्षांची असेल तर कोडने मिळालेला रंग हुबेहूब जुळेल याची खात्री नसते, कारण उन्हाने रंग उतरतो आणि लाल रंग तर फारच उतरतो. अशा वेळी पेट्रोलच्या टाकीचं झाकण सोबत न्यावं, त्यावरून दुकानदार डोळ्याने जुळवून देतो.

टवक्यावर नेलपॉलिश लावलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. ही कल्पना पूर्वापार चालत आली आहे आणि तिला एक इतिहासही आहे. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची मॉडेल टी काळ्याच रंगात मिळायची. इतर रंगांची गाडी वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. १९२४च्या मॉडेलांसाठी जनरल मोटर्सने आपल्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपाँ कंपनीचा ड्युको हा नवा रंग वापरला. तो नायट्रोसेल्युलोजवर आधारलेला होता आणि झटपट वाळायचा. त्यानंतर रस्त्यावरच्या गाड्या खऱ्या अर्थाने रंगीत झाल्या. आपल्याकडे सुतार आणि फर्निचरवाले आजही 'ड्युको मारून देतो' म्हणतात ते नाव तिथून आलेलं आहे. नेलपॉलिश याच नायट्रोसेल्युलोजच्या घराण्यातलं. म्हणजे नातं खरं आहे. पण ते नखावर आठवडाभर टिकण्यासाठी बनवलेलं असतं. उन्हात ते पिवळं पडतं, तडकतं आणि खाली पाणी धरून ठेवतं. शिवाय ते चढवलं की पुढच्या खऱ्या रंगाआधी ते खरवडण्याचं काम वाढतं. ते वापरू नये.

कामाला दिवस निवडावा तो कोरडा. पावसाळ्यात, विशेषतः लॅकर जातीच्या रंगाला, एक खोड असते. त्यातला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, त्या थंड जागेवर हवेतलं दव जमतं आणि रंगावर दुधाळ साय धरते. पेंटर मंडळी म्हणतात, रंग पांढरा पडला. उलट एप्रिल-मेमध्ये भर उन्हात बॉनेट तव्यासारखं तापतं आणि रंग पसरण्याआधीच आटतो. म्हणून सकाळची वेळ आणि सावली. कोकणात पावसाआधीच्या कामांना आगोटीची कामं म्हणतात. कौलं शाकारणं, सरपण भरून ठेवणं, यांच्या यादीत गाडीचे टवकेही घालावेत.

आधी गाडीचा तो भाग साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. मेडिकलच्या दुकानात ते मिळतं. गाडीवर पूर्वी लावलेलं वॅक्स, पॉलिश, बोटांचं तेल यांपैकी काहीही उरलं तर नवा रंग धरत नाही, महिन्याभरात टिकलीसारखा निघून येतो. त्यानंतर टवक्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. जे सुटायचं आहे ते आत्ताच सुटू दे. टवका थोडा मोठा झाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो भाग आधीच सुटलेला होता.

तळाशी गंज असेल तर तो काढायलाच हवा. यासाठी एक सोपी युक्ती आहे. पेन्सिलीच्या टोकाच्या खोडरबरावर ६०० नंबरच्या वॉटरपेपरची टिकलीएवढी चकती चिकटवा आणि पेन्सिल दोन बोटांत धरून खळग्यातच गरागरा फिरवा. बाहेरच्या चांगल्या रंगाला धक्का न लागता आतला पत्रा पांढरा होतो. बारीक खड्ड्यांत गंज रुतून बसला असेल तर गंज बदलणारं द्रावण मिळतं, त्याचा एक थेंब टाका. त्यातलं फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचं काळसर, स्थिर संयुग करून टाकतं. टॅनिक आम्लाची ही करामत आपल्याला परकी नाही. हिरड्यात भरपूर टॅनिन असतं आणि हिरडा व लोखंड एकत्र करून काळा रंग करायची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाटलीतलं रसायन तेच काम बॉनेटवर करतं.

उघड्या पत्र्यावर थेट रंगाचा थेंब टाकणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. टचअपचा रंग पत्र्याला धरत नाही आणि गंजही अडवत नाही, ते काम प्रायमरचं. शक्यतो पत्र्यासाठीचा, गंजरोधक प्रायमर घ्या आणि खळग्याच्या तळाला पातळ हात द्या. थर इतका पातळ असावा की खळगा खळगाच राहिला पाहिजे, कारण वर अजून रंग यायचा आहे. रात्रभर वाळू द्या.

दुसऱ्या दिवशी रंग. बाटली दोन-तीन मिनिटं जोरजोरात हलवा, तळाशी बसलेले कण वर आले पाहिजेत. आणि झाकणाला जोडलेला ब्रश बाजूला ठेवा. तो या कामाला फार जाड पडतो. हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्यांदा मी त्याच ब्रशने भरघोस थेंब लावला. कणीएवढ्या टवक्यावर मसुराएवढा उंचवटा तयार झाला, भोवतीच्या चांगल्या रंगावर सांडलेला. घाबरून थिनरच्या फडक्याने पुसायला गेलो. ते बॉनेट आधीच्या मालकाने कधीतरी लॅकरने रंगवून घेतलेलं होतं आणि लॅकर थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. तळहाताएवढा भाग मंद, धुरकट झाला. एका टवक्याचं काम अख्ख्या बॉनेटवर गेलं. तेव्हापासून थिनरचं फडकं मी गाडीजवळ नेत नाही. थेंब जास्त झालाच तर तो वाळू द्यावा, नंतर घासून खाली आणता येतो.

ब्रशऐवजी टूथपिक घ्या. तिचं टोक रंगात बुडवा, बाटलीच्या काठाला टेकवून जादा रंग काढा आणि उरलेला इवलासा थेंब खळग्याच्या मधोमध टेकवा. ओढू नका, सारवू नका, नुसता टेकवा. पुढचं काम थेंब स्वतः करतो. पाण्याचा थेंब पानावर पसरतो तसा रंग खळग्याच्या कडांपर्यंत जातो आणि कडेशी जाऊन थांबतो. हे भिंगातून पाहण्यासारखं आहे. इतक्या लहान जागेत माणसाच्या हातापेक्षा द्रवाचा स्वभाव जास्त नेमका असतो.

अर्ध्या-पाऊण तासाने पाहाल तर भरलेला खळगा पुन्हा रिकामा दिसेल. रंगात निम्म्याहून अधिक भाग उडून जाणाऱ्या द्रवाचा असतो, तो गेला की थर खाली बसतो. म्हणून पुन्हा थेंब, पुन्हा वाट. तीन, चार, कधी पाच वेळा. एकदाच जाड भरलं तर वरून साय धरते, आतला ओलावा अडकतो आणि रंग महिनोन्‌महिने मऊ राहतो, नखाने उचकटतो. थर पृष्ठभागाच्या किंचित खाली आला की थांबा. त्या दिवशी आणखी काही करू नका. तिसऱ्या दिवशी तशाच रीतीने पारदर्शक क्लिअरचे दोन-तीन थेंब, या वेळी मात्र पृष्ठभागाच्या केसभर वर येतील इतके. जुन्या पद्धतीच्या, क्लिअर नसलेल्या साध्या रंगाची गाडी असेल तर रंगच तेवढा वर आणा.

इथे बहुतेकांनी थांबावं असा माझा सल्ला आहे. पत्रा बंद झाला, डाग चार पावलांवरून दिसत नाही. एवढं पुरतं. ज्यांना आणखी नेटकं हवं त्यांनी किमान आठवडाभर थांबून तो केसभर उंचवटा सपाट करावा. २००० किंवा २५०० नंबरचा वॉटरपेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून, फक्त उंचवट्यावर अगदी हलक्या हाताने फिरवायचा. पाच-सहा फेऱ्या, पुसायचं, पाहायचं. भोवतीचा क्लिअर कोट झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा आहे आणि उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यं त्यातच आहेत. तो घासून गेला तर टवक्याच्या जागी पैशाएवढा पांढुरका चट्टा येतो आणि त्यावर घरी काहीच उपाय नाही. बॉनेटच्या धारेवर आणि दाराच्या कडेवर तर पेपर लावूच नये, तिथे थर आधीच विरळ असतो. घासून झाल्यावर रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन चमक आणावी. वॅक्स महिन्याभराने लावावं, तोवर रंगातला उरलासुरला थिनर बाहेर पडू द्यावा.

मेटॅलिक रंगाच्या गाडीवर टवका कितीही नीट भरला तरी एका कोनातून तो दिसतो. लोकांना वाटतं शेड चुकली. शेड बरोबर असते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या अतिसूक्ष्म चकत्या असतात. कारखान्यात स्प्रेने रंग मारताना त्या माशाच्या खवल्यांसारख्या आडव्या, एकावर एक बसतात आणि एकाच दिशेने प्रकाश परतवतात. टूथपिकच्या थेंबात त्या कशाही पडतात, काही उभ्या, काही तिरक्या. त्यामुळे तीच शेड समोरून गडद आणि बाजूने उजळ दिसते. पर्ल रंगात ॲल्युमिनियमऐवजी अभ्रकाच्या मुलामा दिलेल्या चकत्या असतात, तिथेही हेच. थर पातळ ठेवले तर चकत्या थोड्या आडव्या बसतात आणि फरक कमी होतो, पण जात नाही. सिल्व्हर गाडीच्या मालकाने हे आधीच मनाशी धरावं, म्हणजे चांगल्या झालेल्या कामावर पुन्हा पुन्हा हात फिरवून ते बिघडवण्याची वेळ येत नाही.

टवका शेंगदाण्यापेक्षा मोठा असेल, पत्रा चेपलेला असेल, समोरच्या काचेच्या चौकटीला लागून गंज असेल, तर पेंटरकडेच जावं. लांबी भरणं आणि गन मारणं ही त्याची कामं. हार्डनर घालून मारायचे दोन भागांचे रंग घरी स्प्रे करू नयेत. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की तो पाठ सोडत नाही. साधा रुमाल तोंडाला बांधून हे काम करणारी पोरं गॅरेजमध्ये दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं. आपल्या गाडीचं काम चाललं असेल तर त्यांना योग्य मास्क आहे का हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो वापरावा.

विम्याचं एका वाक्यात सांगतो. टवक्यासाठी क्लेम करू नका. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. शिवाय वर्षागणिक २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी नो क्लेम बोनसची सवलत हातची जाते.

आणि टवका उडूच नये म्हणून? सिरॅमिक कोटिंगने खडी अडत नाही, तो थर त्यासाठी फारच पातळ असतो. रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म मात्र अडवते. ती दीड-दोनशे मायक्रॉनची, म्हणजे खालच्या सगळ्या रंगापेक्षा जाड असते. ती महाग आहे. फुकटातला उपाय अंतराचा. खडीच्या माऱ्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. ४० च्या ऐवजी ८० च्या वेगाने आदळलेला तोच कण चौपट ताकदीने आदळतो. आणि आपल्याकडच्या रस्त्यांवरची खडी म्हणजे दख्खनचा काळा दगड, त्याच्यापुढे कागदाएवढ्या रंगाचं काही चालत नाही. डंपर दिसला की मागे राहावं, किंवा नीट वाव बघून एकदाच पुढे निघून जावं. त्याच्या मागे चिकटून जाण्यात पत्र्याचंही हित नाही आणि काचेचंही.

मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमाराला लागतं. त्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी गाडी सावलीत घ्या, धुवा, पुसा आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवरून, काचेच्या वरच्या छपरावरून आणि दारांच्या कडांवरून सावकाश तळहात फिरवा. जिथे खरखर लागेल तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा आणि पाऊस यायच्या आत तेवढे टवके भरून टाका.